थोरल्यांचं ऑपरेशन, धाकट्यांचा आवाज

धाकट्यांना धाकटे म्हणणं आता शोभत नव्हतं. डोक्यावरचे केस नावापुरते उरले होते, मुलगी सासरी नांदत होती आणि जिना चढताना गुडघे कुरकुरायचे. पण एका दुकानात दोन भाऊ असले आणि त्यातला एक थोरला असला, की दुसऱ्याची धाकटेपणातून सुटका नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, नंबर धाकट्यांकडून काढावा आणि काचा थोरल्यांकडून बसवून घ्याव्यात. यात थोरल्यांचं कौतुक जास्त आहे हे धाकट्यांच्या लक्षात यायचं, पण भावाच्या कौतुकावर रुसणार तरी कसं? वडील गेले तेव्हा थोरल्यांनी कॉलेज सोडून दुकान अंगावर घेतलं होतं आणि धाकट्यांना मात्र डोळे तपासायचं रीतसर शिक्षण दिलं होतं. धाकट्यांच्या अंगावर पांढरा कोट चढला तो थोरल्यांच्या जिवावर, हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं.

चष्म्याचं दुकान ते, चिंचोळं आणि लांब. पुढे फ्रेमांचं कपाट आणि गल्ला, मध्ये तपासणीची खुर्ची, खुर्चीसमोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि सगळ्यात मागे खिडकीखाली थोरल्यांचं काचा घासायचं चाक. खुर्ची आणि चाक यांच्यामध्ये नुसता एक पडदा. त्यामुळे इकडचा शब्द न् शब्द तिकडे जायचा आणि चाकाची घरघर इकडे यायची. घर माडीवर. धाकटे, त्यांची बायको आणि थोरले. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

डोळे तपासणं हे दिसतं तेवढं साधं काम नाही. नाकावर ती जड फ्रेम ठेवायची, एकामागून एक काचा सरकवायच्या आणि विचारत राहायचं, हे बरं, की हे? शेवटी शेवटी दोन काचांत फरक जवळपास उरतच नाही. गिऱ्हाईक तोवर कंटाळलेलं असतं. चुकीचं उत्तर दिलं तर आपण नापास होऊ, अशी भीती पन्नाशीच्या माणसालाही त्या खुर्चीत वाटते. अशा वेळी धाकटे एक करायचे. ज्या नंबरची काच खणात विकायला तयार असेल ती सगळ्यात शेवटी घालायची आणि आवाज किंचित सैल सोडून म्हणायचे, "आणि हे?" त्या आवाजात असं काही असायचं, की समोरचा सुटकेचा श्वास टाकून म्हणायचा, हां, हे छान आहे. चष्मा संध्याकाळी तयार. नाहीतर बाहेरून काच मागवायची, आठवडाभर गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या. फरक म्हणाल तर नखाएवढा. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून धाकट्यांना त्यात कधी काही गैर वाटलं नाही. ही कला आपल्याला कुणी शिकवली, हेही त्यांना आठवत नव्हतं. दुकानात वावरता वावरता अशा गोष्टी अंगात मुरतात.

थोरल्यांचं दुखणं तसं जुनं होतं. पण लघवीचं दुखणं बोलून दाखवायचं नसतं, अशा पिढीतला माणूस तो. चाकावर काच तापू नये म्हणून पाण्याची बारीक धार सोडलेली असते. त्या पाण्याचा आवाज सुरू झाला, की थोरले काच खाली ठेवून मोरीकडे पळायचे आणि तिथे उभे राहायचे ते राहायचेच. धाकटे थट्टा करायचे, दादा, आत झोप लागली का रे? थोरले हसायचे आणि म्हणायचे, वय झालं. पुढे एका दुपारी त्यांचं सगळंच अडलं. पोट फुगलं, कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले, आणि धाकट्यांनी त्यांना रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे नळी घातली तेव्हा थोरल्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते दुःखाचं होतं की सुखाचं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

तपासण्या झाल्या. सर्जन बाई शांत आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, प्रोस्टेटची ग्रंथी असावी त्याच्या पाच-सहा पटीने वाढलीय, गोळ्यांनी आता भागणार नाही. वाटा तीन आहेत. एक, पोटाला चीर देऊन आतला वाढलेला भाग काढायचा. काम एकदाच होतं, पण रक्त जातं आणि बरं व्हायला वेळ लागतो. दुसरी, लेझरची. लघवीच्या वाटेनेच आत जायचं आणि संत्र्याची साल ठेवून गर सोडवून घ्यावा तसा सगळा वाढलेला भाग सोडवायचा. चीर नाही, रक्तही कमी जातं, ग्रंथी केवढीही मोठी असली तरी चालतं. पण ते यंत्र आणि त्यात मुरलेला हात इथे नाही, दुसऱ्या शहरात जावं लागेल. तिसरी, दुर्बिणीतून खरवडून काढायची. ती त्या इथेच करत असत.

"पण एवढ्या मोठ्या ग्रंथीसाठी ती माझी पहिली पसंती नाही," त्या म्हणाल्या. "एका बैठकीत सगळं निघेलच असं नाही. रक्त जास्त गेलं तर मला मध्येच थांबावं लागेल, आणि काही महिन्यांनी पुन्हा करायची वेळ येऊ शकते. नीट विचार करून सांगा."

थोरले खुर्चीच्या कडेवर कसेबसे टेकले होते. नळी बोचत होती, बाईंचं बोलणं अर्धं कानावर पडत होतं आणि अर्धं वाऱ्यावर जात होतं. घरी आल्यावर ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. लघवीची पिशवी त्यांनी एका कापडी पिशवीत लपवली होती, काचा आणायच्या पिशवीत, आणि ती खुर्चीच्या पायाला अडकवली होती.

"आता तू मला नीट समजावून सांग," ते म्हणाले. "मला त्यातलं निम्मं कळलं नाही."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच महिन्यात दुकानाच्या अगदी समोर एक नवं, झगझगीत चष्म्याचं दुकान उघडलं होतं. तिथे म्हणे यंत्रच नंबर काढत होतं. धाकटे सकाळी शटर वर करायचे तेव्हा आधी समोर नजर टाकायचे, कोण आत जातंय ते बघायला. आपलं दुकान चार दिवस बंद दिसलं, की आपली माणसं रस्ता ओलांडणार आणि पुन्हा परत येणार नाहीत, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. दुसऱ्या शहरात जायचं म्हणजे तपासण्या, ऑपरेशन, पुन्हा दाखवणं, मिळून पंधरवडा. नंबर काढणारे ते एकटेच. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला, तिची रजा शिल्लक नव्हती. हे सगळं धाकट्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी यातलं काहीही तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्याऐवजी ते समजावून सांगायला बसले. आधी चीर देण्याचं सांगितलं, पण बाई म्हणाल्या तसं नाही. "पोट फाडतात," असं म्हणाले, आणि थांबले. मग लेझरचं. परकं गाव, ओळख ना देख, राहायचं कुठे, खायचं काय, डॉक्टर कोण कुठला. एवढं झाल्यावर त्यांचा आवाज किंचित सैल झाला.

"आणि हे? दुर्बिणीतून. इथेच, आपल्या बाई. तीन-चार दिवसांत घरी."

थोरल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे बरं वाटतंय."

धाकट्यांची बायको ओट्याशी भांडी पुसत होती. हॉस्पिटलात तीही बरोबर होती. थोरले आत जाऊन पडल्यावर तिने हळूच विचारलं, पुन्हा करावं लागेल असं काहीतरी बाई म्हणाल्या होत्या ना? धाकटे म्हणाले, डॉक्टर काय, सगळंच म्हणून ठेवतात. तिने ताट फळीवर ठेवलं आणि दुसरं पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी बाईंना सांगितलं, दुर्बिणीतूनच करा. बाईंनी पुन्हा एकदा समजावलं, थोरल्यांनी मान डोलावली आणि सही केली. ऑपरेशनच्या दिवशी बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती. रक्त फार जायला लागलं म्हणून मध्येच थांबावं लागलं, म्हणाल्या. वाट थोडी मोकळी झालीय, सगळी नाही. थोरल्यांना रक्त चढवलं. दोन दिवस नळीतून लालभडक पाणी येत राहिलं आणि परिचारिका पिशव्या बदलत राहिल्या. धाकटे कॉटशेजारी स्टुलावर बसून त्या नळीकडे बघत होते. डॉक्टरांनी सांगितलेलं तंतोतंत घडत होतं आणि ते सांगणं कुणी गिळलं होतं, हे त्या खोलीत त्यांना एकट्यालाच माहीत होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

थोरले घरी आले. पहिले काही आठवडे बरे गेले. कोमट पाणी प्यायचे, हळूहळू चालायचे, चाकाशीही बसायला लागले. धाकट्यांनी मनाची समजूत घातली, की झालं गेलं गंगेला मिळालं. पण थोरले मोरीत गेले, की त्यांचे कान तिकडे लागायचे. समोर गिऱ्हाईक बसलेलं, नाकावर फ्रेम, आणि धाकटे हातात काच धरून गप्प. धार बारीक होत चालली होती, हे थोरल्यांच्या आधी त्यांना कळलं होतं.

एवढ्यात एक विचित्र गोष्ट झाली. धाकट्यांना नंबर काढता येईना. म्हणजे काच बरोबर निवडता यायची, पण विचारता येईना. "हे बरं, की हे?" म्हणताना आपला आवाज कुठे झुकतोय का, याची त्यांना इतकी धास्ती बसली, की तेच ते दहादा विचारायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, हे बरं. धाकटे म्हणायचे, नक्की? मग उलट करून दाखवायचे. मग पुन्हा सरळ. एक शिक्षिका तर वैतागून म्हणाली, मी तुमच्याकडे चष्म्याला आलेय की साक्ष द्यायला? ती तशीच उठून समोर गेली. ज्या गिऱ्हाइकांसाठी भावाला दुर्बिणीखाली घातलं, ती अशी एकेक करून पायरी उतरत होती. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण धाकट्यांचं सगळं अंगच खवखवत होतं.

बायकोने त्यांना एका शब्दाने टोकलं नाही. ती टोकेल म्हणून ते वाट बघायचे. भांडली असती तर उलट चार शब्द बोलता आले असते, दुकानाचं गाऱ्हाणं मांडता आलं असतं. ती नुसती थोरल्यांचं औषध वेळेवर काढून ठेवायची. एकदाच म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगून का टाकत नाही?" धाकटे म्हणाले, "काय सांगू? की मला दुकान बंद ठेवायचं नव्हतं?" ती म्हणाली, "हो, तेच." त्यांनी दोनदा प्रयत्न केला. पडद्यापर्यंत गेले, दादा म्हणून हाक मारली, आणि थोरल्यांनी मान वर केल्यावर म्हणाले, ती तपकिरी फ्रेम झाली का?

काही महिन्यांनी, चाकावर काच घासता घासता, थोरल्यांचं पुन्हा अडलं. पुन्हा रिक्षा, पुन्हा तेच हॉस्पिटल, पुन्हा नळी. या वेळी थोरल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "आता ही कायमचीच राहिली तरी चालेल. मला पुन्हा कापाकापी नको." हे ऐकून धाकट्यांना जे वाटलं, तसं वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. वडील गेले त्यात त्यांचा हात नव्हता.

बाईंनी दोष दिला नाही. त्या म्हणाल्या, नळी कायम ठेवली तर सारखा संसर्ग होईल, मूत्रपिंडावर ताण येईल, तो रस्ता नाही. राहिलेल्या दोन वाटा अजून खुल्या आहेत. मी लेझर करणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याला कळवून ठेवते, निदान भेटून तरी या.

धाकट्यांनी त्याच दिवशी शटर ओढलं. दारावर पुठ्ठा लावला, दुकान बंद आहे. कधी उघडणार, हे लिहिलंच नाही. समोरच्या झगझगीत दुकानातला पोरगेला मॅनेजर बाहेर येऊन वाचून गेला. धाकट्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. नुसतं भेटून येऊ म्हणून थोरले तयार झाले, आणि दोघं भाऊ बसने त्या शहरात गेले. पिशवी थोरल्यांच्या मांडीवर होती, आणि अर्ध्या वाटेवर ती धाकट्यांनी आपल्या मांडीवर घेतली.

तिथले डॉक्टर तरुण होते. ते धाकट्यांकडे बघून बोलायला लागले, तेव्हा धाकटे म्हणाले, "माझ्याशी नका बोलू. त्यांच्याशी बोला. सावकाश सांगा आणि सगळं सांगा. वाईट काय काय होऊ शकतं, तेही." मग ते हातावर हात ठेवून गप्प बसले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. आधीचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे काम थोडं नाजूक आहे, पण होतं. नळी बहुधा एक-दोन दिवसांत निघते. नंतर काही आठवडे, कधी काही महिने, खोकताना-हसताना थेंब गळतात, बहुतेकांचं थांबतं, एखाद्याचं राहतंही. चीर देण्याचा पर्यायही त्यांनी तेवढाच नीट सांगितला, तिथे रक्त किती जातं, किती दिवस पडून राहावं लागतं. वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं, हे सांगताना ते जरा अडखळले. थोरले म्हणाले, त्याचं मला आता काय लोणचं घालायचंय? मग ते धाकट्यांकडे वळले.

"तू काय म्हणतोस?"

धाकट्यांच्या ओठावर उत्तर होतं. ते लेझर म्हणणार होते, आणि ते बरोबरही होतं. पण आपल्याच आवाजाचा त्यांना भरवसा राहिला नव्हता. "मी काही म्हणत नाही, दादा," ते म्हणाले. "तू बघ. जे ठरवशील त्याला मी इथे आहे. महिना लागला तरी."

थोरले कागदावरच्या चित्राकडे डोळे बारीक करून बघत राहिले, एखाद्या काचेतला ओरखडा शोधावा तसे. मग त्यांनी बोट ठेवलं. लेझर.

ऑपरेशनला वेळ लागला. धाकटे बाकावर बसून होते आणि देवाशी घासाघीस करत होते. एरवी देवाला ते फक्त दिवाबत्तीपुरते ओळखायचे. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, सगळं निघालं, रक्त फारसं गेलं नाही. नळी निघाल्यावर थोरले बाथरूममध्ये गेले आणि धाकटे दाराबाहेर उभे राहिले. आतून आवाज आला, भरघोस, न अडखळता. धाकट्यांनी भिंतीला डोकं टेकलं आणि ते रडले. आतून थोरले म्हणाले, "'दादा, आत झोप लागली का रे?' असं विचार ना आता." धाकट्यांना हसू फुटलं, आणि त्या हसण्याने रडणं आणखी वाढलं.

थेंब गळायचे. थोरले दोन महिने कापडाची घडी घालून वावरले. शिंक आली की खुर्चीला घट्ट धरायचे आणि स्वतःलाच शिवी द्यायचे. मग तेही थांबलं. गिऱ्हाइकं काही परत आली, काही गेली ती गेली. धाकट्यांचा आवाज हळूहळू ताळ्यावर आला. मात्र थोरल्यांना सांगायचं ते राहिलंच. आता तो बरा झालाय, उगाच खपली कशाला काढायची, असं ते मनाशी म्हणत. हे कारण खोटं आहे, हेही त्यांना कळत होतं.

एके दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. चाकाची घरघर थांबली आणि थोरले पडद्यातून बाहेर आले. बारीक अक्षर दिसत नाही, म्हणाले, बघ जरा. ते तपासणीच्या खुर्चीत बसले. धाकट्यांनी त्यांच्या नाकावर जड फ्रेम ठेवली आणि काचा सरकवायला लागले. हे बरं, की हे? आवाज सरळ, तराजूच्या दांडीसारखा. दोन काचांवर येऊन गाडी अडली. थोरल्यांनी दोन्ही पुन्हा पुन्हा बघितल्या.

"पहिलीत अक्षर जरा काळं दिसतंय," ते म्हणाले. "पण फरक नखाएवढाच. यातली खणात कोणती आहे?"

धाकटे हातातली काच पुसत राहिले.

"खणात असेल ती घाल. ते 'आणि हे?' तुला मीच शिकवलंय, विसरलास? तू या खुर्चीमागे उभा राहून ऐकायचास." फ्रेममागून थोरल्यांचे डोळे मोठे दिसत होते. "त्या दिवशी स्वयंपाकघरात तुझा आवाज ऐकला आणि मला कळलं, तुला कोणती खपवायचीय. समोरचं दुकान मलाही दिसत होतं रे. म्हटलं, धाकट्याची अडचण आहे. घ्यावी खणातली."

धाकट्यांच्या हातात काच होती आणि ती ठेवायला जागा सापडत नव्हती. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपण भावाला फसवलं. फसवलं असतं तर निदान तो फसला असता. त्याने सगळं कळून सवरून ते पाणी लाल होऊ दिलं होतं. थोरले तक्त्याकडे बघत वाट पाहत होते.

धाकट्यांनी खण उघडला, त्यातली तयार असलेली दुसरी काच पाहिली आणि खण लावून टाकला.

"पहिली खणात नाही," ते म्हणाले. "मागवावी लागेल. आठवडा जाईल."

"जाऊ दे की," थोरले म्हणाले, आणि फ्रेम काढून त्यांच्या हातात दिली.